वायमांगूची ज्वालामुखी दरी: जाण्यापूर्वी विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडला निघालेली आपली माणसं रोटोरुआचा बेत आखताना जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तिकिटांचे दर, बसच्या आणि होडीच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे त्या इथे दिलेल्या नाहीत. त्या दरीच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघाव्यात.

वायमांगू नक्की कुठे आहे?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, रोटोरुआ शहराच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर. रोटोरुआहून तौपोकडे जाणारा हमरस्ता धरायचा आणि पाटी दिसली की डावीकडे वळायचं. गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ऑकलंडहून रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे चहापाण्याला थांबत गेलात तर साडेतीन तास धरा.

दरी उद्रेकातून तयार झाली म्हणजे नेमकं काय झालं?

१० जून १८८६. तिकडे तो हिवाळा. मध्यरात्रीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि थोड्याच वेळात तारावेरा डोंगर फुटला. डोंगर एका तोंडाने फुटला नाही, त्याला उभी चीर गेली. पहाटे साडेतीनच्या सुमाराला ही चीर नैर्ऋत्येकडे पसरत रोटोमहाना तलावाखाली आणि त्याही पुढे पोचली. शेवटी ती सुमारे १७ किलोमीटर लांब झाली. उजाडेपर्यंत मुख्य उद्रेक आटोपला होता. आज आपण जी वायमांगू दरी म्हणतो, ती त्या चिरेचं नैर्ऋत्य टोक. त्या रात्रीआधी इथे साधी टेकाडं होती. वाफ नाही, उकळतं पाणी नाही, काही नाही.

तलावाखाली झालं ते सर्वांत भयंकर होतं. वर येणारा तप्त शिलारस पाण्यात आणि पाण्याने भिजलेल्या जमिनीत शिरला, पाण्याची एका झटक्यात वाफ झाली आणि तलावाचा तळच उडाला. तो चिखल मैलोन्‌मैल पडत राहिला. ‘ते आरिकी’ आणि ‘मोउरा’ ही माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, गावं गाडली गेली, ‘ते वायरोआ’ या गावाचा बराचसा भाग चिखलाखाली गेला. सुमारे १२० माणसं मेली आणि त्यांतली बहुतेक तुहोरांगी जमातीची होती. तिकीट काढून आत शिरताना एवढं तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण हा ‘करोडो वर्षांपूर्वीचा चमत्कार’ नाही. ही रात्र घडली त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं होतं आणि महात्मा फुले हयात होते. मेलेल्यांचे वंशज आजही त्याच परिसरात राहतात.

पृथ्वीच्या पाठीवर गरम पाण्याची क्षेत्रं पुष्कळ आहेत, पण जमिनीवर दिसणारा सगळा पसारा कोणत्या तारखेनंतर सुरू झाला हे सांगता येईल अशी जागा मिळणं फार कठीण. वायमांगूचं मोल त्यात आहे.

पण तिथे ज्वालामुखी का? आपल्याकडे का नाही?

उत्तर बेटाच्या पूर्वेला पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकतो आहे. त्यामुळे तौपो ते रोटोरुआ या पट्ट्यातलं भूकवच ताणलं जाऊन पातळ झालं आहे, आणि खालची उष्णता वर यायला वाट मिळते. आपल्या दख्खनच्या पठाराखाली आज असं काही चाललेलं नाही.

एक धागा मात्र खरा जुळतो. १८८६ ला तारावेरातून बाहेर पडला तो बेसॉल्ट, म्हणजे आपला सह्याद्री ज्याचा बनला आहे त्याच जातीचा खडक. आपल्याकडे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. तारावेरात तो स्फोट होऊन हवेत उडाला. बेसॉल्टचा इतका जोरदार उद्रेक विरळा असतो, म्हणून भूशास्त्राचे अभ्यासक अजून त्याच्यावर काम करतात. राजगड-तोरण्याच्या कड्यांवरचे आडवे थर ज्यांनी डोळे भरून पाहिलेत, त्यांनी रोटोमहानाच्या काठचे कडेही तसेच निरखून पाहावेत. राखेचे आणि चिखलाचे थर स्पष्ट दिसतात, आणि ते अवघ्या काही तासांत साचलेले आहेत.

गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या अजून दिसतात का?

नाही. रोटोमहानाच्या काठी सिलिकाच्या (वाळूत असतं त्या खनिजाच्या) साठ्यांतून बनलेल्या या दोन प्रचंड पायऱ्या होत्या, पांढरी ‘ते ताराटा’ आणि गुलाबी ‘ओटुकापुआरांगी’. त्या बघायला युरोपातून लोक महिनोन्‌महिने बोटीचा प्रवास करून येत. गुलाबी पायऱ्यांवरच्या कुंडांत ते अंघोळही करत. १८८६ च्या त्या रात्रीनंतर त्या कुणालाच दिसल्या नाहीत.

त्या पूर्ण नष्ट झाल्या की गाडल्या गेल्या, यावर वाद आहे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पाण्याखाली चालणारी यंत्रं तलावात सोडली आणि तळाशी पायऱ्यांचे काही भाग शिल्लक असल्याचं जाहीर केलं. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी फर्डिनांड फॉन होखश्टेटर याच्या १८५९ च्या मोजणीच्या नोंदींवरून त्या तलावात नसून काठावर जमिनीखाली असाव्यात असं मांडलं. सगळ्यांना पटेल असा निकाल लागलेला नाही.

दरीत प्रत्यक्ष काय बघायला मिळतं?

वाट वरून खाली, तलावाकडे उतरत जाते, आणि एकेक गोष्ट समोर येत राहते.

सुरुवातीला सदर्न क्रेटर, म्हणजे दक्षिणेकडचं विवर. तळाशी थंड, हिरवट पाणी. लोक इथे दोन फोटो काढून पुढे पळतात. मी म्हणेन थोडं थांबा, कारण पुढे जे उकळताना दिसणार आहे ते निवलं की कसं दिसतं, हे इथेच कळतं.

मग फ्राइंग पॅन लेक. एको क्रेटरमध्ये पसरलेला हा सुमारे ३.८ हेक्टरचा तलाव जगातल्या सर्वांत मोठ्या गरम झऱ्यांमध्ये गणला जातो. पाणी साधारण ५० ते ५५ अंशांचं आणि आम्लधर्मी. पृष्ठभागावर जागोजाग बुडबुडे येतात. ते पाहून पाणी उकळतंय असंच वाटतं, पण ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारखे वायू आहेत. हा तलाव १८८६ चा नाही. १ एप्रिल १९१७ ला इथे पुन्हा स्फोट झाला. जवळ पर्यटकांसाठी बांधलेलं निवासगृह उद्ध्वस्त झालं, त्यात दोघांचा जीव गेला, आणि त्यानंतर विवर पाण्याने भरलं. पलीकडच्या काठावर कॅथीड्रल रॉक्स नावाचे वाफाळते सुळके उभे आहेत.

तलावातून निघणारा गरम पाण्याचा ओढा हा मला सगळ्या दरीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. नुसता नजर टाकून पुढे जाऊ नका. कठड्यापाशी थांबून ओढ्याच्या काठाकडे नीट बघा. जिथून पाणी सर्वांत गरम वाहतं तिथे खडक फिकट, जवळपास उघडा. जरा बाजूला, पाणी थोडं निवतं तिथे नारिंगी-तपकिरी थर. आणखी कडेला, जिथे नुसतं शिंतोडे उडतात तिथे गर्द हिरवा. हे रंग बऱ्याच अंशी जिवंत आहेत: वेगवेगळ्या तापमानात तगणारे जिवाणू आणि शैवाल. म्हणजे पाण्याचं तापमान तुम्ही रंगावरून वाचू शकता. खाली वॉर्ब्रिक टेरेसवर हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. सिलिका अजून साचते आहे आणि पायरी तुमच्या डोळ्यांदेखत वाढते आहे, फक्त आपल्या नजरेला कळणार नाही इतक्या सावकाश.

झाडांकडेही लक्ष असू द्या. उद्रेकात इथलं सगळं हिरवं जळून, गाडून गेलं होतं. आज दिसतं ते रान त्यानंतर आपोआप रुजलेलं आहे. गरम जमिनीवर कानुका या तिथल्या झाडाची एक जात जमिनीसरशी सरपटत वाढते. खाली माती इतकी तापलेली की मुळं खोल जाऊच शकत नाहीत, मग झाड उंच तरी कशाच्या आधारावर होणार? त्या झुडपाच्या आसपास जमिनीच्या फटीतून वाफेचा धागा निघताना बहुधा दिसतोच. एरवी उष्ण प्रदेशात वाढणारी काही नेची इतक्या दक्षिणेला केवळ या उबेमुळे टिकून आहेत.

फोटोंमध्ये दिसतो तो निळा तलाव हमखास तसाच दिसेल का?

इन्फर्नो क्रेटरबद्दल विचारताय. निळाई बहुतेक वेळा असतेच, पण पातळी आणि वाफ नशिबावर. या तलावाचं पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्रात चढतं आणि उतरतं. चढत चढत काठोकाठ भरतं, तेव्हा त्याचं तापमान ८० अंशांच्या जवळ पोचतं. दोन-तीन दिवस बाहेर वाहतं, मग ओसरत ओसरत सुमारे आठ मीटर खाली जातं आणि बरंच निवतं. तळाशी गीझर, म्हणजे गरम पाण्याचे फवारे उडवणारा झरा आहे, पण तो पाण्याखाली असल्याने फवारा दिसत नाही, दिसते ती फक्त ही चढ-उतार. गंमत अशी की इन्फर्नो भरतो तेव्हा फ्राइंग पॅन लेकमधून वाहणारं पाणी कमी होतं, आणि तो ओसरला की तिकडचं वाढतं. जमिनीखाली दोघांचं नातं आहे.

पाणी ओसरलेलं असेल तर हिरमुसू नका. तेव्हा काठावर पांढरट सिलिकाचा थर उघडा पडतो, आणि पाणी कुठवर चढतं ते त्यावरून समजतं. निळा रंग पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या बारीक कणांमुळे येतो. दिसायला दुधाळ आणि शांत असलं तरी हे पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे.

जगातला सर्वांत मोठा गीझर इथेच होता ना?

होता. वायमांगू गीझर १९०० मध्ये सुरू झाला आणि १९०४ मध्ये कायमचा थांबला. त्याचं काळं, चिखलाचं पाणी दगडांसकट ४०० मीटरच्या वर उडाल्याच्या नोंदी आहेत. इतका उंच गीझर त्यानंतर कुठे झालेला नाही.

३० ऑगस्ट १९०३ ला तो अनपेक्षित जोराने उसळला. जवळ उभ्या असलेल्या चार जणांना उकळत्या पाण्याच्या लोंढ्याने वाहून नेलं, चौघेही गेले. त्यांतला एक वाटाड्या जो वॉर्ब्रिक, १८८८-८९ मध्ये परदेश दौरा करणाऱ्या न्यूझीलंड नेटिव्ह्ज रग्बी संघाचा कर्णधार. जागा माहीत असलेला माणूसही वाचू शकला नाही. आज तिथे गीझर दिसत नाही, फक्त जागा दाखवणारी पाटी आहे.

रोटोरुआजवळ एवढ्या जागा आहेत, मग हीच का?

उडणारा गीझर बघायचा असेल तर ‘ते पुइया’ला जा, तिथला पोहुतू दिवसातून अनेकदा उडतो. भडक रंगांची कुंडं थोड्या वेळात हवी असतील तर वाय-ओ-तापू. तिथला लेडी नॉक्स गीझर रोज सकाळी सव्वादहाला साबण टाकून उडवतात, आणि मुलांना ते भारी आवडतं. वायमांगूत असं ठरलेल्या वेळेचं काही नाही.

तरीही एकच जागा बघायची म्हटली तर मी वायमांगूच सांगेन. बाकी ठिकाणी तुम्ही वस्तू बघता, एकेका कुंडापाशी थांबत. इथे वरपासून तलावापर्यंत एक अख्खी घटना उलगडते, आणि शेवटी होडीत बसलात की चीर कुठून आली ते डोंगरापर्यंत दिसतं. वाय-ओ-तापू इथून जवळ असल्याने टूर कंपन्या दोन्ही एकाच सकाळी उरकतात. त्यात वायमांगूच्या वाट्याला तासभर येतो. तेवढ्यात दरीच्या वरच्या टोकाहून परत फिरावं लागतं. त्यापेक्षा दोनपैकी एकच करा, पण अर्धा दिवस द्या.

चालणं किती आहे? आई-बाबांना झेपेल का?

वरच्या केंद्रापासून रोटोमहाना तलावापर्यंत चार किलोमीटरच्या आसपास. बहुतेक सगळा उतार आहे, वाट चांगली बांधलेली आहे. रेंगाळत गेलात तर दीड ते दोन तास. परतीचा चढ चढावा लागत नाही, खालून बस वर आणून सोडते आणि तिचे मधेही थांबे आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी फ्राइंग पॅन लेक आणि ओढ्याचा वरचा भाग बघून जवळच्या थांब्यावर बस धरावी. बाकीच्यांनी चालत जाऊन तलावापाशी भेटावं. इन्फर्नोकडे जाताना पायऱ्या आहेत, आणि माउंट हॅझर्डची वरून जाणारी वाट चांगलीच चढाची आहे. ती ट्रेकची सवय असणाऱ्यांसाठी. व्हीलचेअर असेल तर आधी कळवून ठेवा.

होडीची फेरी घ्यावी का? जादा पैसे पडतात.

घ्यावी. पाऊण तासाची आहे. जुना रोटोमहाना लहान आणि उथळ होता. उद्रेकात तळ उडाल्यावर झालेल्या खड्ड्यात पाणी साचत गेलं आणि आजचा सुमारे नऊ चौरस किलोमीटरचा, शंभर मीटरहून अधिक खोल तलाव झाला. काठावरच्या वाफाळत्या कड्यांजवळ चालत जाता येतच नाही, ते फक्त होडीतूनच दिसतात. तलावावर काळे हंस असतात. तारावेराची चीर दूरवर दिसते, आणि पायऱ्या जिथे होत्या त्या जागांजवळून होडी जाते. होडीच्या वेळा ठरलेल्या असल्याने आधी होडी बुक करा आणि त्या हिशोबाने चालायला सुरुवात करा. उलटं केलंत तर शेवटी धावपळ होते.

दरीत अंघोळ करता येते का?

अजिबात नाही. पाण्यात हातही घालायचा नाही. गरम पाण्यात बसायचंच असेल तर रोटोरुआ शहरात त्यासाठी बांधलेली कुंडं आहेत. तिथेही डोकं पाण्याखाली नेऊ नका. गरम झऱ्यांच्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा असू शकतो. हा धोका दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतणारा आहे.

हे वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखंच आहे का? की लोणारसारखं?

दोन्ही नाही. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर इथलं पाणी जमिनीत खोलवर मुरतं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि भेगांतून वर येतं. खाली शिलारस नाही. लोणारचं विवर तर वरून आलेल्या उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलं. वायमांगूची विवरं खालून झालेल्या स्फोटांची आहेत.

वास फार येतो का?

येतो. रोटोरुआत गाडीचं दार उघडताच येतो. हायड्रोजन सल्फाइडचा, कुजक्या अंड्यासारखा. अर्ध्या तासात नाक सरावतं. दमा असलेल्यांनी पंप खिशातच ठेवावा आणि दाट वाफेत उभं राहू नये. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: या वायूने चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी हॉटेलवर काढून ठेवा.

पुन्हा उद्रेक झाला तर? जाणं सुरक्षित आहे का?

दरी मेलेली नाही. रौपो पाँड क्रेटर १९८१ च्या छोट्या वाफ-स्फोटातून झालं आहे. इथल्या ज्वालामुखींवर जिओनेट या भूकंप-ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं सतत लक्ष असतं, आणि ० ते ५ अशी सतर्कतेची पातळी जाहीर होते. जाण्याआधी ती बघणं दोन मिनिटांचं काम आहे, ते चुकवू नका. ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर पर्यटक असतानाच उद्रेक झाला आणि २२ जण मृत्युमुखी पडले. वायमांगूची वाट व्हाकारीसारखी थेट धगधगत्या विवरात नेत नाही, पण धोका शून्य आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रोजचा खरा धोका वेगळाच असतो: सेल्फीसाठी कठडा ओलांडणं. घट्ट दिसणारी जमीन कधी कधी नुसता पापुद्रा असतो आणि खाली उकळता चिखल. लहान मुलांचा हात सोडू नका.

कधी जावं, काय घालावं?

सकाळी लवकर. गार हवेत वाफ जास्त उठते आणि गर्दी कमी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडचा उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. हिवाळ्यात दरी फार सुंदर दिसते, फक्त अंगात नीट गरम कपडे हवेत. पाऊस कधीही येतो. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. ऊन कोवळं वाटलं तरी तिथे चटकन भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन लागतंच.

व्हिसा, गाडी, खाऊ?

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा घ्यावा लागतो. गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डावीकडून चालवतात आणि इंग्रजीतलं वैध लायसन्स चालतं.

खाऊचं मात्र गांभीर्याने घ्या. विमानतळावर उतरताना प्रत्येक खाण्याची वस्तू अर्जात लिहायची: चकली, लाडू, मेतकूट, लोणचं, मसाला, सगळं. लिहिलंत आणि चालणारं नसेल तर ते काढून घेतील, एवढंच. लपवलंत किंवा विसरलात तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध, ताजी फळं, पेरता येतील अशा बिया घरीच ठेवा. ट्रेकचे बूट असतील तर माती घासून धुवून न्या, तेही तपासतात.

तारावेरा डोंगरावर चढता येतं का? आणि गाडलेलं गाव?

डोंगर न्गाती रांगितिही या माओरी जमातीच्या मालकीचा आणि त्यांच्यासाठी पवित्र आहे. मनाने उठून चढायला जाता येत नाही. परवानगी असलेल्या वाटाड्याबरोबर किंवा हेलिकॉप्टरच्या सहलीनेच जायचं. वर गेलात तर लाल-काळ्या राखेची ती चीर पायाशी दिसते. तिथला दगड खिशात घालून आणू नका.

‘ते वायरोआ’ हे गाडलेलं गाव तारावेरा तलावाच्या बाजूला आहे आणि चिखलाखालून उकरून काढलेली घरं तिथे जपली आहेत. ते सुरू आहे का हे आधी विचारून घ्या. सोफिया हिनेरांगी ही पायऱ्या दाखवणारी नामांकित वाटाडी इथलीच. उद्रेकाच्या रात्री तिच्या भक्कम, उतरत्या छपराच्या घरात साठहून अधिक माणसं दाटीवाटीने बसून वाचली. नंतर ती आणि तिची बरीचशी माणसं व्हाकारेवारेवाला राहायला गेली, आणि तिथेही ती पाहुण्यांना गरम झरे दाखवत राहिली. व्हाकारेवारेवा रोटोरुआ शहरातच आहे. आजही माओरी कुटुंबं तिथे वाफेवर स्वयंपाक करत राहतात आणि गाव स्वतः दाखवतात. वायमांगूची सकाळ झाल्यावर दुपारी तिथे जा.